लाराची बटणं

शनिवार, 27 डिसेंबर 2025, परभणी

नाताळची सुट्टी आणि थंडी यांमुळे आमच्या टायपिंग संस्थेतल्या बॅच निम्म्यावर आल्यात. कृषी विद्यापीठातल्या पाऱ्याचा आकडा रोज पेपरात छापून येतो. तो वाचूनच पालक ठरवतात की पोरीला सकाळी सातच्या बॅचला धाडायचं की नाही. ज्या येतात त्यांचीही बोटं आखडलेली. मिनिटाला 40 शब्दांच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी आज 30 शब्दांवर अडून बसली होती.

रात्री संस्थेतल्या त्यातल्या त्यात बऱ्या कॉम्प्युटरवर 2013 चा ‘टूम्ब रेडर’ पुन्हा उतरवून घेतला. याच महिन्यात, 11 तारखेला, अमेरिकेत गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात त्याची नायिका लारा क्रॉफ्ट हिचे दोन नवे गेम जाहीर झाले. 1996 च्या पहिल्या गेमचं नवं रूप ‘लेगसी ऑफ अटलांटिस’ 2026 साठी, आणि ‘कॅटॅलिस्ट’ 2027 साठी. ‘कॅटॅलिस्ट’ची गोष्ट उत्तर भारतात घडते. म्हणजे लारा पुन्हा नव्यानं हाती येणार. त्याआधी, मागच्या खेपेला तिला नव्यानं उभं केलं तेव्हा काय साधलं आणि काय बिघडलं, ते लिहून ठेवायचं आहे. लोक चित्रांवर लिहितात, कथेवर लिहितात. बटणांवर कोणी चार ओळींच्या वर लिहीत नाही. मी दिवसभर मुलांना बोटांचंच काम शिकवते. गेम सुरू झाला की माझं लक्ष आधी तिकडंच जातं.

रविवार, 28 डिसेंबर

आज दुपारभर वेळ मिळाला. ‘क्रिस्टल डायनॅमिक्स’नं 5 मार्च 2013 ला हा गेम काढला, तेव्हा लाराला एकवीस वर्षांची केली. पहिल्याच मोहिमेवर निघालेली, जहाज फुटून यामाताई नावाच्या जपानी बेटावर येऊन पडलेली. जुन्या लाराची दोन पिस्तुलं आणि बेफिकीर हसू हे सगळं काढून घेतलं. सुरुवातीलाच ती एका गुहेत उलटी टांगलेली असते आणि आपण डावं-उजवं बटण दाबत तिला झोके द्यायचे. कथा लिहिणाऱ्या रिआना प्रॅचेट यांनी ही पोर घाबरते, चुकते, कण्हते असं दाखवलं, आणि मला ते मनापासून आवडतं. आधीची लारा बघायची होती. ही सांभाळावी लागते.

आता बटणं. टायपिंगमध्ये डाव्या हाताची करंगळी ए वर, अनामिका एस वर, मधलं बोट डी वर आणि तर्जनी एफ वर. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, म्हणून खाली न बघता हात जागेवर बसतो. वर्षानुवर्षं मी मुलांच्या हातांवर रुमाल टाकून हेच गिरवून घेते. पीसी गेममध्ये चालायची बटणं डब्ल्यू, ए, एस, डी. तिथं अनामिका ए वर येते, मधलं बोट डब्ल्यू आणि एस सांभाळतं, तर्जनी डी वर. सगळा हात एक घर डावीकडं सरकतो, करंगळी शिफ्टवर जाते आणि तो उंचवटा बोटाखालून निघून जातो. घाईत हात उचलला, पाण्याचा घोट घेतला आणि परत ठेवला की बोटं आपल्या सवयीनं एफ शोधतात. तेवढ्यात लांडगा अंगावर येतो.

मी चालणं ई, एस, डी, एफ वर घेतलं. मधलं बोट ई-डी वर, अनामिका एस वर, तर्जनी एफ वर, उंचवट्यावर. मग ई वरचं ‘उचल-उघड’ आर वर गेलं, आर वरचं गोळ्या भरणं टी वर, एफ वरचा जवळचा वार जी वर. लाराची शोधक नजर, जी लावली की उपयोगाच्या वस्तू उजळून दिसतात, ती क्यू वर होती. ती डब्ल्यू वर आणली, अनामिकेला सोपं पडतं. 2013 च्या गेमनं हे सगळं बदलू दिलं, एकदाही अडवलं नाही, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. टायपिंग शिकलेल्या कुणीही पीसीवर हा गेम घेतला तर पहिली पंधरा मिनिटं या मांडणीला द्यावीत. बोटं एकदा घरी आली की लारा हलकी होते.

मंगळवार, 30 डिसेंबर

आज जुना गेम आठवत होते. आतेभावानं पुण्याहून सीडी आणली होती, स्टेशन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही आळीपाळीनं बसायचो. इंग्लंडातल्या डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’नं 1996 मध्ये काढलेला. माऊसला काहीही काम नव्हतं. बाणांच्या बटणांनी चालायचं, पण डावा-उजवा बाण दाबला की लारा तिकडं जात नसे, जागच्या जागी वळत असे. आल्टनं उडी, कंट्रोलनं पकडायचं, शिफ्ट दाबून चाललं तर कडेवरून खाली पडत नसे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना ती शिक्षा वाटते.

ती शिक्षा नव्हती, तिच्यामागं गणित होतं. त्या गेममधलं सगळं जग एकसारख्या चौकोनांवर बांधलेलं होतं. उभ्यानं उडी मारली की एक चौकोन पार, धावत मारली की दोन, आणि हात पुढं करून कड पकडली तर तीन. दरीच्या काठावर यायचं, मागं एक टुणकन उडी घ्यायची, तेवढीच धाव पुरायची. उडी चुकली तर ती आपली चूक. काठावर उभं राहून घरं मोजायची, मग बटण. त्या मोजण्यात जो थरार होता तो मला नंतर कुठल्याच गेममध्ये मिळाला नाही.

2013 च्या गेममध्ये हे गणित नाही. उडी साधारण दिशेनं घेतली की गेम स्वतःच लाराला कडेकडं ओढून घेतो. चढणं सुंदर दिसतं, हात कपारीत बसतात, बर्फातल्या कुऱ्हाडीचा आवाज अंगावर काटा आणतो, पण अंतराचा हिशेब मी केलेला नसतो. नव्यानं मांडताना हा एक मोठा व्यवहार झाला. लाराचं शरीर खरं झालं आणि तिच्या पायाखालची जमीन सोपी झाली. पहिली गोष्ट मिळवण्यासाठी दुसरी सोडायची काही गरज नव्हती, असं माझं मत आहे.

14 फेब्रुवारी 2024 ला पहिले तीन गेम उजळून पुन्हा आले, ‘अस्पायर’चे. त्यात जुनी बटणं आणि नवी बटणं दोन्ही दिलीत, हवी ती निवडा. नवी मांडणी लावली तर चालायला बरं वाटतं, पण उड्या फसतात, कारण ती भुयारं जुन्या मापानं खोदलेली आहेत. मी जुन्यावरच खेळते.

गुरुवार, 1 जानेवारी 2026

भाचा पुण्याहून आलाय, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोबत त्याचा कंट्रोलर. मला बघून म्हणाला, “मावशी, तू अजून कीबोर्डवरच खेळायलीस? हे गेम कंट्रोलरसाठीच बनवतेत.”

“बनवतात खरं,” मी म्हटलं. “पण इथं किती घरांत कंट्रोलर आहे ते सांग. फॉर्म भरायला, टायपिंगला कीबोर्ड घ्यावाच लागतो. पोरं त्याच्यावरच खेळणार.”

मग दोघांनी एकच जागा खेळून पाहिली. धनुष्य हाती आल्यावर लगेच जंगलात हरिण मारायचं असतं. त्याचा अंगठा कंट्रोलरच्या काडीवर, म्हणजे स्टिकवर, नेम हळूहळू सरकत हरणापर्यंत जातो आणि गेम शेवटचा इंचभर मदत करतो. माऊसवर नेम माझ्या मनगटाबरोबर जातो. काडी सांगते की कुठल्या दिशेला किती वेगानं जायचं. माऊस थेट सांगतो की इथं. धनुष्यासारख्या हत्यारात, जिथं तार ताणून क्षणभर थांबायचं असतं, माऊस फार पुढं आहे. हे त्यानंही कबूल केलं. पीसीवरचं काम ‘निक्सेस’ या नेदरलँड्सच्या कंपनीनं केलं होतं. त्यांनी माऊसचा नेम मनापासून बसवलाय, कंट्रोलरच्या काडीचा आळस त्यात उतरू दिलेला नाही.

भाच्याचीही एक बाजू खरी आहे. काडी अर्धी ढकलली की लारा हळू चालते, पूर्ण ढकलली की पळते, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या अंगठ्याला मिळतात. कीबोर्डचं बटण एक तर दाबलेलं असतं, नाही तर नसतं. चार बटणांत आठच दिशा. एखाद्या थडग्यातून मशाल घेऊन सावकाश जावंसं वाटतं तिथं हे जाणवतं.

आमचं खरं भांडण झालं ते वाकण्यावरून. या गेममध्ये खाली वाकायला बटणच नाही. शत्रू जवळ आला की लारा आपणहून वाकते, भिंत आली की आपणहून आडोसा घेते. भाच्याला ते छान वाटतं. कंट्रोलरवर मोजकी बटणं, एक वाचलं. माझ्यासमोर शंभरावर बटणं आहेत, त्यातलं एकही मला वाकायला का मिळू नये? केव्हा लपायचं हा निर्णय जिवावरचा असतो. तो खेळणाऱ्याचाच हवा. तो म्हणाला, “तू फारच मनावर घेतीस.” घेते.

रविवार, 4 जानेवारी

आज संस्थेतले सगळे कीबोर्ड भाच्याबरोबर तपासले. पळता पळता तिरकी उडी घेताना लारा कधी कधी उडतच नाही, ही खेळायला बसणाऱ्या मुलांची नेहमीची तक्रार. पोरं गेमला शिव्या देतात. दोष कीबोर्डचा आहे.

स्वस्त कीबोर्डच्या आत प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांवर तारांच्या आडव्या ओळी आणि उभ्या रांगा छापलेल्या. प्रत्येक बटण एका ओळीच्या आणि एका रांगेच्या छेदावर. बटण दाबलं की तो छेद जुळतो आणि आतली चिप ओळी-रांगा तपासत राहते. एका वेळी दोन बटणं नीट ओळखू येतात. तिसरं दाबलं आणि ती तीन बटणं एका चौकटीचे तीन कोपरे असतील, तर वीज आडवाटेनं फिरून चौथा कोपराही दाबल्यासारखा दाखवते. हा खोटा दाब टाळायला चिप तिसरं बटण मोजतच नाही. महाग कीबोर्डमध्ये प्रत्येक छेदाला डायोड असतो, तो वीज उलटी जाऊ देत नाही, म्हणून कितीही बटणं एकदम चालतात.

टायपिंगला एकामागून एक बटण लागतं, फार तर शिफ्ट जोडीला. म्हणून आमच्या परीक्षेत हा दोष जन्मात कुणाला कळत नाही. लाराला मात्र पुढं, उजवीकडं आणि उडी ही तीन एकदम लागतात, वर शिफ्टनं हुलकावणी. चालण्याची बटणं एक घर सरकवली की कधी कधी तीच तीन बटणं वेगळ्या छेदांवर जातात आणि उडी लागायला लागते. आमच्या काही कीबोर्डवर असंच झालं. पैसे न घालता झालेला इलाज. ज्या गेममध्ये बटणं बदलता येत नाहीत तिथं हा इलाजही नाही, आणि मग तो गेम गरिबाच्या कीबोर्डवर मोडका राहतो. गेम बनवणाऱ्यांपर्यंत ही गोष्ट कुणी पोचवत नाही याचं मला वाईट वाटतं.

बुधवार, 7 जानेवारी

दिवसभर महापालिकेच्या प्रचाराचे भोंगे. कानाला हेडफोन लावून रात्री तासभर खेळले आणि वीज गेली. 1996 च्या गेममध्ये पीसीवर वाटेल तिथं जतन करता यायचं, अगदी उडीच्या आधीच्या पावलावर. 2013 मध्ये गेम आपल्या ठरलेल्या टप्प्यांवरच जतन करतो. वीज जाणाऱ्या गावात जुनी सोय लाखमोलाची.

शुक्रवार, 9 जानेवारी

रेडिओच्या मनोऱ्यावर चढण्याचा भाग आज पुन्हा केला. बेटावरून मदतीची हाक पोचवायला लारा एकटी त्या गंजक्या मनोऱ्याच्या टोकाला जाते. बोटाला काम फार थोडं, पुढं जायचं बटण धरून ठेवायचं आणि मधे एखादी उडी. वारा, बर्फ, पायाखाली निखळणारी शिडी, खाली पांढरी दरी. मधलं बोट दाबून दाबून पांढरं पडलं होतं, इतकं मी ते बटण घट्ट धरलं होतं. इथं मांडणाऱ्यांनी कमाल केलीय. साधं बटण, आणि त्याला दिलेलं भय.

याच गेममध्ये त्याच्या अगदी उलट प्रकार आहे आणि तो मला पटत नाही. पडद्यावर वर्तुळ आकसत येतं आणि ठरल्या क्षणी ठरलेलं बटण दाबायचं. नाही दाबलं की लारा मरते, तीही भयंकर रीतीनं. किंवा डावं-उजवं बटण आळीपाळीनं धडाधडा बडवायचं, तरच तिचा पाय सुटतो. लाराच्या हातून पहिला माणूस मारला जातो तो सगळ्यात जड प्रसंगही असाच. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष वर्तुळावर असतं, लाराच्या चेहऱ्याकडं बघायला डोळे मोकळे राहत नाहीत. इतका मोठा क्षण बटणाच्या वेळेवर खर्च केला.

आमच्या संध्याकाळच्या बॅचला एक मुलगा आहे, जिंतूरकडचा. मळणी यंत्रात उजव्या हाताची दोन बोटं गेली. टायपिंगची त्याची स्वतःची पद्धत त्यानंच बसवली, मी फक्त वेळ लावला. त्याला हा गेम खेळायचा होता. आम्ही माऊस डाव्या हाताला दिला आणि चालणं आय, जे, के, एल वर घेतलं, म्हणजे उरलेल्या बोटांना पुरेल. तो सुरेख खेळला. धनुष्याचा नेम भाच्यापेक्षा चांगला. पण बटण बडवायची जागा आली की अडला. बोटं थकायची, लारा मरायची, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या मुलीनं त्याच्यासाठी बटणं बडवली. नेम धरायला, वाट शोधायला, घाबरायला जो पुरेपूर समर्थ आहे त्याला बोटांच्या घाईवर नापास करणं हा अन्याय आहे. यात कसबही नाही आणि कथाही नाही.

रविवार, 11 जानेवारी

भाचा उद्या जाणार, म्हणून आज सेलू तालुक्यातल्या वालूरला गेलो. बारव बघायला. गावकऱ्यांनी गाळ-कचरा काढून ती मोकळी केली, आणि 2022 मध्ये टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रपोस्टकार्डं काढली त्यात ती आली. जिंतूर तालुक्यातली चारठाण्याची बारवही त्यात आहे. बहुतेक बारवांत पायऱ्या सरळ उतरतात. वालूरला त्या गोल फिरत जातात, दगडाचा फिरकीचा जिना पाण्यापर्यंत. वर उभं राहिलं तर एका नजरेत सगळा फेरा दिसतो. उतरताना मात्र पुढच्या चार पायऱ्यांपलीकडं काही दिसत नाही, भिंत सतत अंगाकडं वळत असते.

भाचा खाली पोचून म्हणाला, “ही जागा जुन्या गेमात बांधताच आली नसती.” बरोबर आहे. चौकोनांच्या जगात हा गोल बसत नाही. माऊस-कीबोर्डवर मात्र हा जिना उतरायला सोपा आणि गोड, पुढचं बटण धरायचं आणि माऊस एका लयीत सरकवत राहायचं. 1998 च्या तिसऱ्या गेममध्ये लारा भारतात आली होती, जंगल, पडकी देवळं आणि गंगा नदी असे भाग होते. तिथला भारत बाहेरच्यानं चित्रात पाहिलेला होता. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’नं 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम काढून दाखवला, त्यात आपल्या वास्तूंचे चौक, झरोके, भिंतीवरून धावणारी मुलगी. त्यात कॅमेरा मात्र ठरलेल्या जागीच राहतो, माऊसनं मान वळवून वर बघता येत नाही. बारवेत उतरणाऱ्याला मान वर करावीशी वाटतेच. मीही आज केली.

‘कॅटॅलिस्ट’वाले उत्तर भारत दाखवणार. दाखवू देत. पण भारतात एखादी पायऱ्यांची विहीर बांधायची तर तिची मापं खरी घ्यावीत, आणि माझ्या मोजण्यावर उडी सोडावी.

शुक्रवार, 16 जानेवारी

काल मतदान झालं, आज मोजणी. शहर दिवसभर रस्त्यावर होतं, बॅच बंद. गेम संपवून निकाल लिहिते.

2013 चा ‘टूम्ब रेडर’ लाराच्या नव्या रूपांतला सगळ्यात चांगला गेम आहे. 2006 चं ‘लेजंड’ चपळ होतं पण त्यातल्या लारात माणूस कमी होता. पीसीवर बटणं बदलण्याची मोकळीक आणि माऊसचा नेम या दोन गोष्टींसाठी 2013 चा गेम आजही घ्यावा, जुन्या कॉम्प्युटरवरही तो चालतो. वाकणं आणि उडी या दोन गोष्टी त्यानं खेळणाऱ्याच्या हातातून काढून घेतल्या, आणि बटण बडवण्याचे प्रसंग उगाच घातले. 2018 च्या ‘शॅडो’मध्ये लढाई, शोध आणि कोडी यांची अवघडता वेगवेगळी ठरवता येते, ते पाऊल बरोबर होतं.

पुढचे दोन गेम बनवणाऱ्यांकडं एवढंच मागणं. प्रत्येक बटण बदलता येऊ द्या, त्या वर्तुळांच्या प्रसंगांतलंसुद्धा. जिथं बडवायला लावता तिथं नुसतं धरून ठेवण्याचा पर्याय द्या. वाकायला एक बटण द्या. आणि पीसीवर खेळणाऱ्या मराठी मुलामुलींनो, गेम घेतल्यावर आधी सेटिंग उघडा, आपल्या बोटांना बसतील तशी बटणं लावा, आणि जे बसत नाही ते कंपनीला लिहून कळवा.